मामांचें जहाज

यंदाच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं माजी विद्यार्थ्यांपैकीं कोणी तरी चार ओळी लिहाव्या, असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां प्रथम आम्ही नकारच देणार होतों. शाळेंत असतांना आमच्या निबंधाच्या वहीवर तांबड्या शाईनें ‘विषयांतर’ हा शेरा जितके वेळां पडला, तितके वेळां तो वर्गांत दुसऱ्या कोणाच्याही वहीवर पडला नसेल. परंतु या वार्षिकाचें आम्ही एक देणें लागतों. नववींत असतांना आमचा ‘विक्रांत-दर्शन’ हा निबंध याच पानांत छापला गेला होता. तो नुकताच आम्हीं पुन्हां काढून वाचला. त्यांत विमानें आहेत, समुद्रावरचा वारा आहे, देशाभिमान तर ओळीओळींत आहे. आणि ज्यांनीं आम्हांस तें जहाज दाखविलें, त्या आमच्या मामांविषयीं एकच वाक्य आहे: ‘आम्ही आमच्या मामांसमवेत गेलों होतों.’ तें जहाज आतां नाहीं, आणि मामाही नाहींत. निबंध मात्र कपाटांत आहे. तो अपुरा राहिला होता. त्याचा उरलेला भाग आज लिहितों.

मामा मिऱ्याचे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें माडांची जी चिंचोळी पट्टी आहे, तींत त्यांचें घर. उंची बेताची, खांदे रुंद, आणि आवाज असा कीं, मामा अंगणांत बोलले तर वाटसरूनें बांधावर थांबून पाहावें. नव्या पाहुण्यांस वाटे, मामा रागावले आहेत. वास्तविक त्यांस ऐकूं कमी येई. जहाजाच्या पोटांत यंत्रांच्या घरघराटांत ज्यानें उमेदीचीं वर्षें काढलीं, त्यास बाकीचें सारें जग कुजबुजत आहे असेंच वाटत असावें. नौदलांत ते पंधरा वर्षें स्टोकर होते, म्हणजे बॉयलर पेटविण्याचें आणि पेटता ठेवण्याचें काम करीत. आणि त्यांतील बहुतेक वर्षें विक्रांत या विमानवाहू जहाजावर. आम्ही भाचरें लहानपणीं त्यांच्याभोंवतीं गोळा होऊन विचारीत असूं, “मामा, तुम्हीं किती विमानें उडविलींत?” त्यावर त्यांचें उत्तर ठरलेलें असे: “मीं एकही उडविलें नाहीं रे बाळांनो. मीं फक्त चूल पेटविली.” आम्ही निराश होऊन खेळावयास जात असूं.

त्यांनीं घर सोडलें तें १९५८ सालीं, बोटीनें. आजच्या मुलांस रेल्वेचा रस्ता ठाऊक आहे; परंतु त्या काळीं रत्नागिरीहून मुंबईस जावयाचें म्हणजे समुद्रानें. बोट धक्क्यास लागत नसे. ती भर पाण्यांत नांगर टाकून उभी राही, आणि उतारू, त्यांच्या वळकट्या, आंब्यांच्या करंड्या आणि रडणारीं मुलें हीं सर्व पडावांत बसून हेलकावे खात तिच्या कुशीपर्यंत जात. पावसाळ्यांत तीही वाट बंद. आमच्या आजीच्या पिढीच्या बायकांस ‘बोट’ हा शब्द काढला कीं दोन गोष्टी आठवत. १९२७ च्या नोव्हेंबरांत ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळांत एकाच दिवशीं गेल्या; आणि १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां थोरल्या मुलानें समुद्रावरचीच नोकरी पत्करली हें ऐकून आजीनें त्या दिवशीं घरांत चूल पेटविली नाहीं, असें आमची आई सांगे.

गंमत अशी कीं, मामांस नौदलानें प्रथम पाठविलें तें घाटावर! लोणावळ्यास आय. एन्. एस्. शिवाजी ही नौदलाची यंत्रशाळा आहे. तेथें त्यांचें शिक्षण झालें. समुद्रकांठच्या माणसास जहाजाचें यंत्र शिकावयास डोंगरावर जावें लागतें, याचें मामांस म्हातारपणींही हसूं येई. पुढें विक्रांत आल्यावर त्यांची नेमणूक तिच्यावर झाली.

विक्रांतची जन्मकथा अनेकांस ठाऊक नसेल म्हणून थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धासाठीं इंग्लंडांत टाईन नदीवर ‘हर्क्युलिस’ या नांवानें हें जहाज बांधावयास घेतलें. २२ सप्टेंबर १९४५ रोजीं तें पाण्यांत लोटलें, तोंवर युद्ध संपलेंही होतें. मग तें धूड अर्धवट स्थितींत वर्षांनुवर्षें पडून राहिलें. १९५७ सालीं भारत सरकारनें तें विकत घेतलें, बेलफास्टच्या कारखान्यांत पुरें करविलें, आणि ४ मार्च १९६१ रोजीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्तें तें विक्रांत या नांवानें आपल्या नौदलांत दाखल झालें. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला विक्रांत मुंबईस आली. लांबी सातशें फूट, चार बॉयलर, दोन पंखे, आणि हजारांहून अधिक माणसांची वस्ती.

सातशें फूट हें अंतर माणसास पुष्कळ वाटतें. विमानास तें कांहींच नव्हे. जमिनीवर विमान लांब धांवून वेग घेतें. जहाजावर धांवावयास जागा कोठून आणावी? म्हणून डेकखालीं वाफेचा एक दट्ट्या बसविलेला होता. विमान त्यास अडकवावयाचें, वाफ सोडावयाची, आणि गोफणींतला धोंडा सुटावा तसें विमान समुद्रावर फेंकलें जावयाचें. ही वाफ येई कोठून? ज्या बॉयलरांच्या वाफेवर जहाज चाले, त्याच बॉयलरांतून. शिवाय विमान चढतांना आणि उतरतांना जहाजानें वाऱ्याच्या तोंडावर जोरानें धांवावें लागे; तोही जोर बॉयलरांचाच. मामांच्या ‘चुली’चा अर्थ हा असा होता, तो आम्हांस फार उशिरा कळला.

३१ जानेवारी १९९७ रोजीं विक्रांत निवृत्त झाली. २००१ सालीं तिचें संग्रहालय करण्यांत आलें, आणि ठराविक दिवशीं लोकांस तिच्यावर जाऊं देत. त्यानंतरच्या तिसऱ्या कीं चौथ्या डिसेंबरांत मामा आम्हांस घेऊन मुंबईस निघाले. कोंकण रेल्वेच्या गाडींत रात्रभर ते खिडकीशीं बसून होते. अंगांत कडक इस्तरीचा पांढरा सदरा. पिशवींत नौदलाच्या नोकरीचें जुनें पुस्तक, प्लॅस्टिकच्या कागदांत गुंडाळलेलें. आम्हीं विचारलें, “मामा, हें दाखविलें म्हणजे आपल्याला रांगेंत उभें राहावें लागणार नाहीं ना?” मामा म्हणाले, “पाहूं.” पण गोदीच्या फाटकावर ती लांबच लांब रांग पाहिल्यावर ते मुकाट्यानें शेवटीं जाऊन उभे राहिले, आणि पुस्तक पिशवींतच राहिलें.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर आम्हीं काय केलें, तें त्या निबंधांत आहे. वरचा डेक म्हणजे आमच्या दृष्टीनें एक मैदानच होतें. आम्ही त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवलों. पुढचें टोंक उतारावरच्या छपरासारखें वर उचललेलें होतें. नव्या पद्धतीच्या विमानांसाठीं वाफेचा दट्ट्या काढून टाकून १९८७ नंतरच्या दुरुस्तींत हा चढ केलेला. मामा त्या चढापाशीं थांबले, बुटाच्या टोंकानें डेकवर दोनदां ठोकलें, आणि म्हणाले, “दट्ट्या इथें होता.” त्यांच्या वेळचें जहाज आणि आम्ही पाहत होतों तें जहाज हें सर्वस्वीं एक नव्हतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. खालच्या दालनांत जुनीं विमानें मांडलेलीं होतीं. त्यांचे दुमडलेले पंख पाहून आम्ही हरखून गेलों, पाट्या वाचल्या, वहींत आंकडे उतरवून घेतले. मामा विमानांकडे पाहत नव्हते. ते भिंतीच्या कडेकडेनें चालत होते आणि दारें मोजीत होते.

शेवटीं एका दाराशीं ते थांबले. दारांत दोरी बांधलेली होती, आणि तिच्यामागें विशीबाविशींतला एक खलाशी उभा होता.

मामा आपल्या नेहमींच्या आवाजांत म्हणाले, “खालीं जावयाचें आहे.”

दालनांतले निम्मे लोक वळून पाहूं लागले. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, लाज वाटली. तो खलाशी अदबीनें म्हणाला, “काका, खालीं जाण्यास मनाई आहे. दिवे नाहींत, शिड्या गंजल्या आहेत. कोणासच सोडीत नाहींत.”

“मी कोणी नव्हे,” मामा म्हणाले. “मी बॉयलरवर होतों. बासष्ट सालापासून.”

मग पुस्तक पिशवींतून निघालें. त्या तरुणानें तें दोन्ही हातांत धरून पहिलें पान वाचलें, आणि टाचा जुळवून मामांस सलाम केला. हुकूम मोडणें त्याच्या हातीं नव्हतें. पण त्यानें आजूबाजूस पाहून दोरी सोडली, आम्हां दोघांस चार पावलें आंत घेतलें, आणि पायांखालच्या एका जाळीच्या झांकणावर आपल्या बॅटरीचा उजेड धरला.

मामा गुडघ्यांवर बसले. जाळींतून खालीं शिडीच्या वरच्या पांचसहा पायऱ्या दिसत होत्या, त्याखालीं अंधार. मामांनीं श्वास घेतला, पुन्हां घेतला. “तेलाचा वास नाहीं,” ते म्हणाले. मग आमचा हात धरून तो त्यांनीं पोलादावर ठेवला. “कसें लागतें?”

“थंड.”

“इथें अनवाणी पाय ठेवतां येत नसे,” मामा म्हणाले. “खालीं तर शिडीचा कठडा धरावयास हाताला चिंधी लागे. डोळे मिटून उतरत असूं आम्ही. आतांही उतरेन.”

खलाशी म्हणाला, “काका, आतां निघावें.” मामा उठले. त्यांच्या इस्तरीच्या विजारीवर गुडघ्यांपाशीं गंजाचे दोन तांबडे गोल उमटले होते. तीच विजार घालून ते दिवसभर मुंबईंत हिंडले. मामींनीं घरीं आल्यावर ती धुण्यास मागितली, तेव्हां ती लागलीच देण्यास ते तयार नव्हते.

फाटकाबाहेर आल्यावर आम्हीं चहा घेतला, आणि तेथें मामा जें बोलले, तें आमच्या निबंधांत यावयास हवें होतें.

१९७० च्या जून महिन्यांत विक्रांतच्या बॉयलरांतील पाण्याच्या ड्रमांना भेगा आढळल्या. त्या वेल्डिंगनें बुजण्यासारख्या नव्हत्या. नवे ड्रम इंग्लंडहून मागविले, पण ते येईपर्यंत बॉयलर पेटवूं नयेत असा हुकूम झाला, आणि विक्रांत सुमारें सात महिने थंड पडून राहिली. इकडे पूर्व बंगालच्या बाजूस युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां नवे ड्रम न बसवितांच, १ मार्च १९७१ रोजीं, दाब कमी ठेवून बॉयलर पुन्हां पेटविण्यांत आले. आणि जहाजाच्या वेगास चौदा नॉटांची मर्यादा घालण्यांत आली. “भेग पडलेल्या हंड्याखालीं जाळ घालावयाचा, आणि जवळ उभें राहावयाचें,” मामा म्हणाले. “वरच्यांना शत्रूची भीति. आम्हांला हंड्याची.”

त्या वर्षाच्या डिसेंबरांत विक्रांत अंदमानच्या बाजूस होती. ४ तारखेच्या सकाळीं तिच्यावरून आठ सी हॉक विमानें कॉक्स बाजारवर हल्ला करण्यास निघालीं. हें सर्व पुस्तकांत आहे. मामा त्या वेळीं खालीं पाळीवर होते. त्यांनीं त्या दिवशीं एकही विमान पाहिलें नाहीं, समुद्र पाहिला नाहीं, सूर्यही पाहिला नाहीं. त्यांच्यासमोर दाबाचा कांटा होता. वर दट्ट्या सुटला कीं बॉयलरांतली वाफ एकदम खेंचली जाई, आणि तो कांटा किंचित् खालीं बसे. लगेच जाळ वाढवून तो पुन्हां जागेवर आणावयाचा. जाळ वाढवितांना हवा कमी पडली तर धुराड्यांतून काळा धूर निघे; आणि काळा धूर म्हणजे शत्रूस कित्येक मैलांवरून पाठविलेलें आमंत्रण. (या धुराच्या संवयीपायीं मामा पुढें आयुष्यभर एस्. टी. च्या गाड्यांस नांवें ठेवीत आले.)

“आठ वेळां कांटा बसला,” मामा म्हणाले. “मीं खडूनें पत्र्यावर आठ रेघा ओढल्या. मग थांबलों.”

“मग?”

“मग कांहीं नाहीं. खालीं कोणी सांगावयास येत नाहीं. परत आलेलें विमान डेकवर आदळतें, तारेंत अडकतें. तो धक्का पोलादांतून पायाला कळतो. एक आलें, एक रेघ पुसली. दोन आलीं. मध्यें बराच वेळ कांहींच नाहीं. आमच्यांत एक मलबारी होता. तो मोठ्यानें प्रार्थना करूं लागला, आणि त्याला कोणी गप्प म्हटलें नाहीं. शेवटची रेघ पुसली, तेव्हां कोणी तरी विचारलें, चहा आहे का. आठ गेलीं, आठ आलीं.”

नंतर मामांनीं त्या पाळीवरच्या सर्वांचीं नांवें सांगितलीं. प्रत्येकाचें गांव सांगितलें, कोण काय खाई, कोणास रात्रीं झोंप येत नसे, तेंही सांगितलें. एक मालवणचा होता, एक श्रीवर्धनचा, एक पंजाबांतला. आम्ही तीं नांवें ऐकत नव्हतों. समोरून दुमजली बस जात होती, आणि आम्हांस तिच्या वरच्या मजल्यावर बसावयाचें होतें.

निबंध छापून आला, तेव्हां आईनें तो मामांस मोठ्यानें वाचून दाखविला. मामांनीं सबंध ऐकला, आणि ते म्हणाले, “चांगलें लिहिलें आहेस. विमानें बरोबर मोजलीं आहेस.” आम्हांस ती शाबासकी वाटली. त्या वाक्यावर आम्ही कित्येक वर्षें खूष होतों.

पुढें २००६ सालीं वर्तमानपत्रांत एका जहाजाच्या बातम्या येऊं लागल्या. ‘फ्रान्स’ नांवाचें तें फ्रेंचांचें उतारूजहाज १९६२ सालीं पहिल्या सफरीस निघालें, तेव्हां जगांतलें सर्वांत लांब प्रवासी जहाज तेंच होतें. पुढें ‘नॉर्वे’ नांवानें तें सहलींसाठीं फिरलें, आणि शेवटीं ‘ब्लू लेडी’ असें भलतेंच नांव धारण करून गुजराथेंत अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठीं येऊन पडलें. त्याच्या मेजवानीच्या दालनांचीं, जिन्यांचीं वर्णनें रकानेच्या रकाने भरून येत. मामांनीं त्यांपैकीं एक कात्रण आम्हांस दाखविलें. एका ओळीखालीं पेन्सिलीनें खूण केलेली होती. २००३ च्या मे महिन्यांत मायामी बंदरांत त्या जहाजाचा बॉयलर फुटला आणि आठ कामगार मेले, एवढीच ती ओळ. “एवढ्या मोठ्या कागदांत,” मामा म्हणाले, “त्यांच्या वांट्याला एक ओळ.” त्या वेळीं आम्हांस आमचा निबंध आठवला, आणि ती शाबासकीही आठवली. पण आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

२०१२ सालीं विक्रांत धोक्याची ठरवून लोकांस बंद करण्यांत आली. मग लिलांव, मग जहाज वांचवावें म्हणून न्यायालयांत अर्ज. तीं प्रकरणें वर्तमानपत्रांत सर्वांनीं वाचलींच असतील. २०१४ च्या मे महिन्यांत तिला गोदींतून ओढून मुंबईच्याच दारूखान्याच्या किनाऱ्याकडे नेलें, ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें मोडण्याची वाट मोकळी केली, आणि नोव्हेंबरांत गॅसच्या ज्योती तिच्या अंगास लागल्या. आम्ही त्या वेळीं नोकरीनिमित्त मुंबईस होतों. मामांची सत्तरी उलटून गेली होती, गुडघे धरले होते, फोनवर त्यांनीं एवढेंच विचारलें, “बॉयलर काढले का रे?”

तें पाहण्यासाठीं आम्ही एका रविवारीं दारूखान्यास गेलों. रे रोड स्टेशनाहून पुढें त्या गल्ल्यांत जहाजांचें पोट बाहेर काढून मांडलेलें असतें: साखळदंड, दोरखंड, कांचेचीं गोल तावदानें, पितळी झडपा, न मोडलेल्या कपबशा, आणि भिंतीवरून उचकटलेलीं घड्याळें. बंदराच्या कडेला गेलों, तर पुन्हां एक दोरी आणि पुन्हां एक पहारेकरी: पुढें जाण्यास मनाई. परंतु या वेळीं आंत जाण्याची गरजच नव्हती. पुढचा भाग कापून नेलेला होता, आणि उरलेलें जहाज, भिंत पडलेल्या घराप्रमाणें, आंतून उघडें पडलें होतें. मजल्यांवर मजले, खोल्यांचे चौकोन, कोणा एका खोलीचा अजून हिरवट राहिलेला रंग, अर्ध्यावर तुटलेली एक शिडी. ज्या अंधाराकडे मामांनीं जाळींतून पाहिलें होतें, तसले सारे अंधार आतां उन्हांत आले होते. समुद्राकडून वारा येई तेव्हां जळक्या रंगाचा उग्र वास येई. बॉयलर कोठें असतील, तें आम्हांस ओळखतां येईना. मामा असते तर त्यांनीं बोट दाखविलें असतें. शेजारीं एक कामगार जेवावयास बसला होता, त्यास विचारलें, तर तो म्हणाला, “साहेब, लोखंड आहे. खालचें जास्त जाड निघालें.”

परततांना एका भंगारवाल्याकडून आम्हीं वाफेच्या झडपेचें एक पितळी चाक विकत घेतलें. तें विक्रांतचेंच आहे, असें तो शपथेवर सांगत होता. मिऱ्यास गेल्यावर तें मामांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा लावला, चाक उलटें केलें, मधल्या भोंकांत बोट घालून पाहिलें, आणि खो खो हंसत सुटले. “बाळ, हें कुठल्या तरी जपानी मालबोटीचें आहे!” आम्ही ओशाळलों. पण मामांनीं तें चाक टाकलें नाहीं. विहिरीवरच्या टांकीच्या नळाला त्यांनीं तें बसविलें. रोज संध्याकाळीं माडांस पाणी सोडतांना ते तें फिरवीत. आणखी दोन वर्षांनीं एका कंपनीनें विक्रांतच्या पोलादाचा अंश घालून मोटारसायकली केल्या, आणि त्यांतील एक आमच्या आळींत आली. तिच्या मालकानें मोठ्या अभिमानानें ती मामांपुढें उभी केली. मामांनीं टांकीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच राहिले, आणि म्हणाले, “ऊन आहे.” मुलगा म्हणाला, “आतांच रत्नागिरीहून चालवीत आणली, आजोबा.” मामांनीं मान हालविली.

विराट या विक्रांतच्या धाकट्या बहिणीचें संग्रहालय सिंधुदुर्गांत निवतीच्या समुद्रांत करावें, असा बेत राज्याच्या मंत्रिमंडळानें २०१८ सालीं मंजूर केला होता. मामा त्याविषयीं फार आशेनें चौकशी करीत. निवतीस जातां येईल, मुंबईएवढें लांब नाहीं, असें म्हणत. तो बेत तडीस गेला नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत विराटही अलंगच्या वाटेस लागली.

त्याच वर्षीं, ३ जून रोजीं, निसर्ग चक्रीवादळ कोंकणावर आलें. त्या दिवशींची गोष्ट येथील मुलांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. ‘बसरा स्टार’ नांवाचें तेलवाहू जहाज नांगर न टिकल्यामुळें वाऱ्यानें ढकलत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यास लागलें, आणि पुढें कित्येक वर्षें तेथेंच रुतून राहिलें. त्याच्यापुढें उभें राहून ज्यांनीं आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं नाहींत, अशीं घरें रत्नागिरींत थोडींच असतील. आम्ही टाळेबंदीमुळें त्या वेळीं मिऱ्यासच होतों. वारा जरा पडल्यावर मामा हट्टानें बाहेर निघाले. ऐंशी वर्षांचें वय, डोक्यावर इरलें, एक हात आमच्या खांद्यावर. बंधाऱ्यावर मोडलेल्या फांद्या, उडालेले पत्रे. आणि समोर, लाटा अंगावर घेत, एका कुशीवर कललेलें तें जहाज.

भोंवतीं जमलेले लोक जहाज कोणाचें, त्यांत तेल किती, तें फुटेल काय, याची चर्चा करीत होते. मामा थेट बंदोबस्तावरच्या पोलिसापाशीं गेले, आणि आपल्या त्या आवाजांत, वाऱ्यावरही ऐकूं जाईल असे म्हणाले, “खालचे सगळे वर आले का?”

पोलिसास प्रश्न कळला नाहीं. आम्हीं सांगितलें, “इंजिनावरचीं माणसें, असें विचारीत आहेत.”

“हां, आजोबा! तेरा जण होते. तेराही जण सुखरूप उतरले.”

“तेरा?”

“तेरा.”

मामांनीं बोटांच्या पेरांवर कांहीं तरी मोजल्यासारखें केलें, इरलें सारखें केलें, आणि आम्हांस म्हणाले, “चल, मामी चहासाठीं थांबली असेल.”